पांढऱ्या मोरांचा पलंग

बॅरन कोर्रादो आम्हाला न्यायला आला तो गाढवाची गाडी घेऊन. सख्खी बहीण सोळाव्या वर्षी मठात गेलेली, केस पांढरे करून घरी परत येणार, आणि हा आणतो काय, तर गुरांच्या शेंगा वाहायची गाडी. तळाशी शेंगांचा भुगा तसाच होता.

"घोडागाडी रंगवायला दिलीय, ताई," तो म्हणाला.

घोडागाडी त्याने केव्हाच विकली होती. मठाच्या भिंतीआड राहून आम्हालाही ते ठाऊक होतं, कारण ती ज्या खाटकाने घेतली तो दर रविवारी तिच्यातूनच चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला यायचा.

बाईसाहेबांनी गाडीकडे पाहिलं. मग भावाच्या हातमोज्यांकडे पाहिलं. डाव्या मोज्याचं एक बोट उसवलं होतं, ते त्याने मुठीत दडवलं होतं.

"चढ गं आग्रिप्पिना," त्या मला म्हणाल्या. "याच्या घरी माणसांना काय घालतात ते कळलंच आपल्याला."

उत्तरेकडून आलेल्या नव्या राजाच्या सरकारने आमच्या सिसिलीतले मठ बंद केले, त्या सालची ही गोष्ट. लोक म्हणाले, बिचाऱ्या मदर, आता कुठे जातील? बिचाऱ्या मदरांचं मला सांगू नका, मी त्यांचे कपडे धुतलेत. मठात दोन जाती होत्या. वरच्या म्हणजे बड्या घरच्या मुली. त्यांनी प्रार्थना गायच्या, बदामाची मिठाई वळायची आणि भरतकाम करायचं. खालच्या म्हणजे आम्ही. आम्ही विहिरीचं पाणी ओढायचं, राखेच्या पाण्यात कापड उकळायचं, आणि वरच्यांनी शिंकलं तर रुमाल घेऊन धावायचं. देवासमोर सगळ्या सारख्या, असं मदर सुपिरियर सांगायची. जेवायची टेबलं मात्र वेगळी.

आमच्या बाईसाहेब, दोन्ना इप्पोलिता, वरच्यांतल्या. त्यांच्या बापाची जमीन एक आणि मुलं दोन. मुलीला नवरा करून द्यायचा तर अर्धी जमीन हुंड्यात जाणार. येशूला द्यायची तर थोडक्यात भागतं. येशू मांडवात अडून बसत नाही. तेव्हा मुलगी मठात आणि जमीन मुलाला. पुढे मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याच बापाने मठाकडे नवरानवरीच्या पलंगाचा साज मागितला: वरचं छत, चारी बाजूंचे पडदे, खालची झालर, सगळं पांढऱ्यावर पांढरं. पाचजणी बसल्या, त्यांत बाईसाहेबही. अळशीच्या सुताचं कापड घ्यायचं, त्यातले उभेआडवे धागे मोजून उपसायचे, उरलेल्यांची जाळी बांधायची, आणि त्या जाळीत सुईने मोर उठवायचे. मोर, डाळिंबं, फुलदाण्या, आणि मध्ये घराण्याचं चिन्ह, तीन बुरुजांचा किल्ला. असला किल्ला त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. आजोबा मिठाचे ठेकेदार होते. पाचजणींपैकी दोघींचे डोळे गेले. कापड उकळून, उन्हात पसरून, पुन्हा उकळून पांढरंशुभ्र केलं ते मी आणि माझ्यासारख्या दोघींनी. आमच्या बोटांची सालं गेली, पण ती कुणाच्या मोजणीत नव्हती.

लग्नाला पाचांपैकी एकीलाही जाता आलं नाही, कारण मठाचा उंबरा ओलांडायचा नव्हता. पडदे गेले.

तर त्या घरी आम्ही आलो. बडं घर, पोकळ वासा. दिवाणखान्यात चित्रांच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग. नोकर एक, तोही बहिरा. बॅरनची बायको क्लेलियाला जन्म देऊन चारेक वर्षांनी वारली होती. क्लेलिया आता सव्वीस वर्षांची. हुंडा नाही म्हणून लग्न नाही, मठ उरले नाहीत म्हणून तिकडेही पाठवता येत नाही. तोंड मात्र असं फटकळ की बापच तिच्यासमोर पाय न वाजवता चालायचा.

"या आत्या," ती दारातच म्हणाली. "तुमची खोली स्वयंपाकघराच्या मागे. आधी तिथे कांदे असायचे. कांदे आम्ही खाल्ले."

बाईसाहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला सरळ उभं राहायला कुणी शिकवलं नाही वाटतं."

"शिकवायला होतं कोण? आई वर गेली, तुम्ही आत गेलात."

मला वाटलं, आता या दोघींचं काही जमत नाही. कुत्रीमांजरं बरी.

आठवडाभराने बॅरनचा गोडवा सुरू झाला. जेवायला बसलो होतो, बाकल्याच्या दाण्यांचं आंबट कढण होतं, आणि त्याने स्वतःच्या हाताने बहिणीला पाव कापून दिला. मी मनात म्हटलं, आला मूळ पदावर.

"ताई, एक एवढंसं काम होतं. तो पलंग आहे ना, आपला. त्याचे पडदे एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लेत. जरा टाके घालशील?"

"का? कोण लग्न करतंय?"

"लग्न नाही. एक गृहस्थ येतायत फ्लोरेन्सहून. बालदेस्की नावाचे. जुन्या वस्तूंचे जाणकार आहेत."

"जाणकार म्हणजे व्यापारी," क्लेलिया म्हणाली. "बाबा पडदे विकतायत. पत्त्यांत हरलेत."

"तू गप्प बस. ताई, आणि टाके घालताघालता कोपऱ्यात एक साल घालायचं. चार आकडे फक्त."

"कुठलं साल?"

बॅरनने पाण्याचा घोट घेतला. "पंधराशे... पंधराशे साठ, सत्तर, तुला सोपं पडेल ते. मी त्यांना पत्रात लिहिलंय की स्पॅनिश व्हाइसरॉय आमच्या घरी उतरला होता तेव्हा हे करवून घेतलं."

"पंधराशे साठ साली मी काय करत होते, कोर्रादो?"

"आता असं तोडून काय बोलतेस, ताई!"

"विचारतेय फक्त. माझं वय मला कळायला हवं."

क्लेलिया इतकी हसली की कढण नाकात गेलं. बॅरन लालबुंद झाला. म्हणाला, इतकी वर्षं या घराच्या पैशाने मठात बसून खाल्लंस, एक काम सांगितलं तर तोंड वर करून बोलतेस.

बाईसाहेबांनी पाव खाली ठेवला. "सुई मठात राहिली," म्हणाल्या. "आणि हात मी घरी आणलेत, पण तुझ्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिसाहून आल्यावर, त्या मला घेऊन वर गेल्या. ती खोली बंदच असायची. पाहुणे आले की दार उघडून दाखवायची आणि पुन्हा लावायची. त्या पलंगावर कधी कुणी सुखाने झोपलं असेल असं मला वाटत नाही. बॅरनची आई त्यावर मेली, बायको त्यावर बाळंत झाली आणि त्यावरच मेली, आणि दोन्ही वेळा गावातल्या बायका ओळीने येऊन मेलेल्या माणसाऐवजी झालर बघून गेल्या.

मी पडदे इतक्या वर्षांनी पाहिले. खोटं कशाला बोलू, सुंदर होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि जाळीतून मोरांच्या सावल्या गादीवर पडल्या होत्या. मला वाटलं, बाईसाहेब आता रडतील. त्यांनी कशालाही हात लावला नाही. बूट काढले, झालरीखाली सरकवले, डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि पलंगावर चढून आडव्या झाल्या.

"पडदे सोड, आग्रिप्पिना. आणि कॉफी आण."

"बाईसाहेब, घरात कॉफी नाही."

"मग बार्लीची आण. असल्या घरात तीच शोभते."

बॅरन तासाभराने आला. पडदा बाजूला करून बघतो तर बहीण हात छातीवर ठेवून छताकडे बघत पडलेली.

"इप्पोलिता! उठ. हा पलंग झोपायचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"घराण्याचा आहे!"

"मग घराणंच झोपलंय."

तो ओरडला, मग विनवू लागला, मग पुन्हा ओरडला. हात धरून ओढायची मात्र छाती झाली नाही. व्रत घेतलेल्या बाईला बॅरनने पलंगावरून ओढून काढलं, असं गावात झालं असतं तर मासे विकणाऱ्या बायकांनी त्याला चौकात उभं राहू दिलं नसतं. त्याला देवाची भीती नव्हती, कोळणींची होती.

म्हणून त्याने फादर लिबोरिओला बोलावलं. हा फादर म्हणजे तुपात तळलेला बटाटा. जिना चढून त्याला धाप लागली होती. खुर्ची ओढून तो पडद्याबाहेर बसला, आणि कोपऱ्यात मी सोलत होते त्या लसणीकडे त्याने असं पाहिलं की जणू लसणीलाही पाप लागतं.

"मुली," तो म्हणाला, "हा विवाहितांचा पलंग. तू ख्रिस्ताची वधू."

"मग वधूलाच झोपायला नको का? नवऱ्याने काही तक्रार केलीय का तुमच्याकडे?"

"विनयाला सोडून बोलू नकोस. एकांतात, अशा मऊ गादीवर, मनात नाही नाही ते येतं."

"गादीत मक्याची पानं भरलीयत, फादर. मनात फक्त पाठ येते. तुमच्या स्वयंपाकिणीच्या पाठीचं कसं आहे? मागे दुखत होती म्हणे. तिची गादी मऊ आहे का?"

फादर लिबोरिओ उठला. बॅरनला जिन्यात म्हणाला, हवापालट झाल्यावर म्हाताऱ्या बायकांचं असं होतं, थोडे दिवस लक्ष देऊ नका. आणि बार्लीची कॉफी पिऊन गेला.

क्लेलिया मात्र रोज यायला लागली. पलंगाच्या काठावर बसून बदाम फोडायची आणि अर्धे स्वतःच खायची.

"आत्या, खरं सांगा, इथे झोपून मजा येते का?"

"उकडतं. माशा आत अडकतात. आणि तुझ्या आजीचा वास येतो अजून."

"मग उतरा की."

"तू बापाची बाजू घेतेस?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. पडदे विकले तर हुंडा देईन म्हणालेत बाबा. पण मागे ऑलिव्हची बाग विकली तेव्हाही हेच म्हणाले होते. आणि त्याच्या आधी आईचे झुमके."

"मूर्ख नाहीस म्हणजे."

"तुमच्यावर गेले असेन," क्लेलिया म्हणाली आणि टरफलं मुद्दाम गादीवर टाकली. ती उचलायची कुणी? मी.

बालदेस्की आला तेव्हाही बाईसाहेब पलंगावरच. बॅरनने बहीण आजारी असल्याचं सांगून ठेवलं होतं. फ्लोरेन्सचा हा माणूस बारका, सुगंधी, पिवळे बूट घातलेला. आमच्याकडे असं बघायचा की आम्हीही विकायला ठेवल्यात आणि त्याला नकोयत. त्याने भिंग काढलं, पडद्याचा कोपरा उचलला, एकेक मोर तपासला. बॅरन मागे उभा राहून व्हाइसरॉयची कहाणी सांगत होता. व्हाइसरॉयचा घोडा, व्हाइसरॉयचा ताप, व्हाइसरॉयने झोपण्यापूर्वी काय खाल्लं.

"तीनशे वर्षं झाली," बॅरन म्हणाला. "आणि बघा, टाका हललेला नाही."

पडद्याच्या आतून आवाज आला, "मी हलले ना, कोर्रादो. सदतीस वर्षं हललेच नव्हते, आता हलले."

बालदेस्कीने पडदा उघडला. बाईसाहेब उशीला टेकून बसल्या होत्या, काळी वस्त्रं, पांढरं फडकं, आणि हातात बार्लीच्या कॉफीचा पेला.

"या मोराची मान वाकडी आहे बघा," त्यांनी बोट दाखवलं. "ती मी केली. त्या दिवशी माझी दाढ दुखत होती. शेजारचा मदर कोन्सोलाताने केला, ती नंतर आंधळी झाली. कापड हिने उकळलं, ही कोपऱ्यात लसूण सोलतेय ती. आमच्यातली कुठली तीनशे वर्षांची दिसते तुम्हाला?"

बॅरनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला वाटलं, झालं, आता हा व्यापारी टोपी घालून चालता होणार. तो हसला. भिंग खिशात ठेवत म्हणाला, "मदर, हे मला पहिल्या मोरापाशीच कळलं होतं. हा धागा तुमच्या-माझ्या हयातीतला आहे."

"मग?"

"मग काय? मी हे ज्याला विकणार आहे तो इंग्रज आहे. त्याला व्हाइसरॉय हवाय. काम तीनशे वर्षांचं असलं की त्याच्यासाठी ते कलेचं, आणि तुमचं असलं की ते शिवणकाम. साल मीच घालून घेईन, फ्लोरेन्समध्ये माझ्याकडे त्यासाठी बायका आहेत. त्या तुमच्याइतकं बोलत नाहीत."

बॅरनला तो म्हणाला की त्याला अजून दोन गावं करायची आहेत, पुढच्या शनिवारी येऊन माल घेईल. तोवर आजीबाईंना उतरवून ठेवा. जाताना दारात त्याने माझ्याकडे पाहून नाकाला रुमाल लावला. लसणीचा वास. या माणसाने पुढे ती लसूण कधी चाखली नाही, हेच त्याचं नुकसान.

बाईसाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, अपमान लागला. संध्याकाळी मी दिवा घेऊन गेले तर म्हणाल्या, "इकडे ये. माझ्या शेजारी आडवी हो."

"मी? या पलंगावर?"

"नाही, व्हाइसरॉय. ये म्हणते ना."

मी चपला काढून चढले. उभ्या आयुष्यात वरच्या जातीच्या बाईशेजारी मी एवढी जवळ कधी बसलेसुद्धा नव्हते. त्यांनी छताकडे बोट केलं.

"काय दिसतं?"

"मोर."

"नीट बघ. मोराची पाठ दिसते. उलटी बाजू. आतून सगळं उलटंच आहे."

खरंच होतं. बाहेरून जे दिसायचं ते गुळगुळीत; आतून गाठी, सोडलेली टोकं, एका डाळिंबावरून दुसऱ्याकडे ओढून नेलेले धागे. बाईसाहेब एकेक गाठ ओळखत होत्या. ही कोन्सोलाता, सगळं नीट. ही आंजेलिका, चोर, धागा वाचवायची. आणि छताच्या अगदी मध्यावर, किल्ल्यापाशी, इतक्या आवळून मारलेल्या गाठी होत्या की कापड गोळा झालं होतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"ही मी. भाऊ लग्न करणार म्हणून. पाहिलंस? दोन वर्षं सुलट बाजू पाहुण्यांसाठी साफ ठेवली, आणि जे या पलंगात झोपणार होते त्यांच्या डोळ्यांसमोर ही माझी चरफड टांगली. त्या बिचाऱ्या भावजयीने मरताना हेच पाहिलं असेल. काय गाढव होते मी, आग्रिप्पिना. एवढा राग आणि तो टाक्यांत घातला. कात्री का नाही घातली?"

मला त्यांचा राग कळत होता, पण माझ्या मनात येत होतं की बाईसाहेब, तुम्हाला राग काढायला निदान रेशमासारखा धागा तरी होता. आम्ही खाली राखेत काढत होतो.

सकाळी त्यांनी क्लेलियाला बोलावलं. "तुला किती परकर आहेत?"

"दोन. एक फाटका."

"अंतर्वस्त्रं?"

"आत्या!"

"लाजू नकोस, फादर नाही इथे. मला मठात आयुष्यभर लोकरीचं जाड, टोचणारं मिळालं. आग्रिप्पिनाला त्याहून जाड. मी आता त्रेपन्न वर्षांची आहे आणि माझ्या ढुंगणाला मऊ कापड कधी लागलेलं नाही."

क्लेलियाने आत्याकडे पाहिलं. मग पडद्यांकडे पाहिलं. तिचा हुंडा म्हणून जे काही व्हायचं होतं, खोटं का होईना, ते तिथेच लटकत होतं. ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग खाली गेली आणि स्वयंपाकघरातून मासे कापायची मोठी कात्री घेऊन आली.

"छोटी बोथट आहे," म्हणाली. "माझं माप आधी घ्या."

सुई मठात राहिली म्हणणाऱ्या बाईसाहेबांच्या अंगरख्याच्या काठातून सुई निघाली. मला आधीच वाटलं होतं. त्यांनी कापलं, क्लेलियाने टाचलं, आणि मी शिवलं. हो, मीही, कारण तोवर त्या दोघींच्या लक्षात आलं होतं की घरात सरळ शिवण मलाच येते. पलंगाचा लाकडी सांगाडा उघडा होत गेला. बॅरन वर येत नव्हता. बहिणीशी न बोलण्याची त्याने शिक्षा ठोठावली होती, आणि ती आमच्या फार कामी आली.

शनिवारी बालदेस्की खेचर आणि मोठी पेटी घेऊन आला. बॅरनने रुबाबात वरच्या खोलीचं दार उघडलं. आत चार खांब, मक्याच्या पानांची गादी, आणि गादीवर नीट घडी घालून ठेवलेली उंदरांनी खाल्लेली चिंधी. तेवढीच आम्ही सोडली होती.

बॅरन ओरडत खाली आला. आम्ही तिघी अंगणात होतो. बालदेस्की त्याच्या मागून आला, आणि त्याला आधी दिसलं ते वरचं. त्याने मान वर केली. गच्चीवर, चौकाकडच्या बाजूला, दोरीवर धुणं वाळत होतं. परकर, अंगरखे, आणि गुडघ्यापर्यंतच्या अंतर्वस्त्रांचे जोड. काठाकाठाने मोर. आणि सगळ्यात मोठ्या जोडावर, अगदी बसायच्या जागी, तीन बुरुजांचा किल्ला. वाऱ्याने तो फुगत होता.

चौकात बाजार भरला होता. कोळणींनी पाहिलं. एक म्हणाली, "अगं, तो बॅरनचा किल्ला ना?" दुसरी म्हणाली, "हो, पण वेढा मागून पडलाय." मग जे हसू सुरू झालं ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलं.

"हे काय केलंत तुम्ही!" बॅरनचा आवाज फाटला. "हे... हे तीनशे वर्षांचं..."

"बास रे," बाईसाहेब म्हणाल्या. "कळलं त्यांना. तो इंग्रजच तेवढा राहिला."

बालदेस्कीने पेटी बंद केली. बॅरनला तो म्हणाला, आपला वेळ घेतला, आणि असं वाकून नमस्कार केला की त्यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तर बरं. तो गेला. बॅरनने आम्हाला त्याच दुपारी घराबाहेर काढलं. गाडी दिली नाही, शेंगांचीही नाही.

आम्ही बेकरीच्या वरची एक खोली भाड्याने घेतली. मठ बंद केल्याबद्दलची सरकारी पेन्शन उशिरा यायची पण यायची. त्यांना जास्त, मला कमी, तिथेही दोन जाती. क्लेलियाने त्या वर्षीच धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी लग्न केलं. बॅरन म्हणाला, त्याच्या नखांत पीठ असतं. क्लेलिया म्हणाली, तुमच्या नखांत काहीच नसतं. हुंडा म्हणून तिने चार परकर नेले. तिची सासू ते बघून म्हणे, एवढं बारीक काम आत कशाला, दिसायचं कुणाला? क्लेलियाने काय उत्तर दिलं ते तिने मला सांगितलं, पण मी सांगणार नाही.

बाईसाहेबांचं आणि माझं पटलं असं समजू नका. नऊ वर्षं एका खोलीत काढली आणि एक दिवस त्यांनी माझ्या कढणाला बरं म्हटलं नाही. मी त्यांचा पाव करपवायचे, त्या माझी प्रार्थना चुकली की टोकायच्या. पण दर सोमवारी ती मोरांची वस्त्रं मी धुवायचे, आणि त्या स्वतः दोरीवर टाकायच्या. दुसऱ्या कुणाला टाकू द्यायच्या नाहीत. त्यातले दोन अंगरखे माझे होते. तेही त्याच टाकायच्या.

त्या गेल्या तो हिवाळा होता, छातीत कफ भरला. मी त्यांना आंघोळ घालून तयार केलं. दुपारी बॅरन आला. म्हातारा झाला होता, कोटाचा रंग उडाला होता. बहिणीच्या कपाळाला त्याने ओठ लावले, आणि मग खोलीत इकडेतिकडे बघू लागला.

"आग्रिप्पिना, त्या... त्या कापडातलं काही उरलंय का? आता लोक जुन्या कामाला फार मागतात."

"उरलंय ना," मी म्हटलं. "त्यांनी घातलंय."

त्याची नजर त्यांच्या काळ्या घागऱ्याच्या काठावर गेली, आणि मला खरंच वाटलं की हा आता वाकून उचलून बघणार. मी मधे उभी राहिले. त्याने टोपी घातली आणि जिना उतरून गेला.

मी त्याला खोटं सांगितलं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. छताचा एक चौकोन मी माझ्यासाठी ठेवलाय, कोन्सोलाताने केलेला, नीट गाठींचा. मेंढीच्या दुधाचं चीज गाळायला त्याच्यासारखं कापड नाही. पाणी झरझर खाली जातं, आणि चीज उलटं काढलं की वर मोर उठलेला असतो. बेकरीवाल्याची बायको तेवढ्यासाठी माझ्याकडून जास्त पैसे देऊन घेते. मूर्ख आहे. चीज तेच.